आक्काचा खण

आक्का, तुझा दहावा झाला. ओढ्यावरून परत आलेली माणसं ओसरीवर टेकली, पाणी प्याली, आणि मग कुणालाच काही बोलायला सुचेना. अशा वेळी सगळी माझ्याकडे बघतात, हे तुला ठाऊक आहे. लग्न असो नाहीतर मयत, आपल्या घरात हातापायांचं काम थोरला नाना करतो आणि तोंडाचं मी. शेजारचे बापू म्हणाले, "मास्तर, ती खणाची गोष्ट सांगा की. तिला लई ग्वाड लागायची."

मी सुरू केली. हुसेनभाई वेशीतून आत येतो तिथपर्यंत नेहमीसारखी जमली. त्याची पाय ओढत चालायची लकबही करून दाखवली. पण पुढं तुझं वाक्य होतं. ते मी आजवर तुझ्या आवाजात म्हणत आलो आणि तू समोर बसून "आसं न्हाई म्हनले मी, लबाडा" म्हणत आलीस. या वेळी तसं कुणी म्हणालं नाही. गोष्ट तिथंच अडली. बापूंनी चंची सोडली, कुणीतरी पावसाचं काढलं, आणि माणसं उठली.

अर्धी राहिलेली गोष्ट पोटात ठेवायची मला सवय नाही. म्हणून तुलाच सांगतो. तुला ठाऊक असलेली, तुलाच.

तू सोलापूरला गिरणीत लागलीस तेव्हा मला नुकतं मिसरूड फुटत होतं. नवरा गेल्यावर सासरच्यांनी तुला गाडीत घालून परत धाडलं, आणि इथं आल्यावर तुला कळलं की इथंही तुझं काही नाही. तसं कुणी बोललं नव्हतं. तीन खणांचं आपलं धाब्याचं घर. आप्पा वारल्यावर ते नानाचं आणि माझं झालं. बहिणीचं नाव त्यात यायचा प्रश्नच नव्हता. तू ओसरीत निजायचीस. पाहुणा आला की वळकटी काखेत मारून चुलीपाशी जायचीस. एक दिवस ती वळकटी घेऊन केमच्या टेसनावर गाडीत बसलीस, आणि पुढच्या महिन्यात आपल्या दारात पोस्टमन उभा राहिला. त्याच्याआधी आपल्याकडे पोस्टमन कधी आला नव्हता. आईनं त्याला बघितलं आणि मोठ्यानं रडायलाच सुरुवात केली. तिला वाटलं, तार आली. तो बिचारा हातात पैसे धरून "आवो काकी, चांगलं हाय, चांगलं हाय" असं ओरडत होता.

पुढं त्याच्या येण्यावर घर चालू लागलं. आपलं गाव मोठं मजेशीर होतं बघ. तू गेलीस तेव्हा "पोरगी गिरणीत घातली" म्हणून नाकं मुरडणारे लोक वर्षभरात नानाला विचारू लागले, "आमच्या पोराचं काय जमतंय का बघ की तितं." मग एकामागं एक घरातून कोण ना कोण सोलापूरला गेलं, कुणी मुंबईला. पोस्टमन आला की गल्लीतली निम्मी दारं उघडायची. वाणी तोपर्यंत गूळ देताना तराजूवरची बोटं काढत नसे. आता "घेऊन जा की, पैसं कुटं पळत्यात" म्हणू लागला. साखर आली. चहा आला. आई पहिल्यांदा चहा प्याली आणि म्हणाली, "कडू औशीद हाय, पर बरं वाटतंय." तुझ्या पैशानं घरात जे जे आलं त्यात सर्वांत महागडं आणि सर्वांत कमी उपयोगाचं सामान म्हणजे मी. मला मास्तरकीपर्यंत शिकवलंस. नाना अजून म्हणतो, तेवढ्या पैशात दोन बैल आले असते आणि ते गप्प तरी बसले असते.

आता खण.

हुसेनभाई मणियार बांगड्या भरायला सोलापूरला जायचा तेव्हा तुझ्या बिऱ्हाडी डोकावून यायचा. निरोप तोच आणायचा आणि तोच न्यायचा. एकदा आला, पेटी उतरवली, आणि आईला म्हणाला, "काकी, आक्काचा निरोप हाय. औंदाच्या पैशात माज्यासाटी एक खण तेवढा बघा, बोलली. बाकीच्याचं कायबी करा."

तू सांगितलं होतंस घराचा खण. दोन खांब, वर एक तुळई, आणि त्यांच्यामधली जागा. पण ज्या माणसाचा जन्म बायकांच्या मनगटांशी बोलण्यात गेला त्याला खण म्हणजे चोळीचा, दुसरा कुठला सुचणार? आणि आईला तर तो निरोप ऐकून भरूनच आलं. पोरगी परगावी राबते, वयानं काही म्हातारी नाही, वाटली असेल एका चोळीची हौस. ती करमाळ्याच्या बाजाराला स्वतः गेली. तुझ्या मोकळ्या कपाळाचा विचार करून गडद जांभळा, बारीक काठाचा असा खण निवडला. दुकानदाराशी इतका वेळ घासाघीस केली म्हणे, की शेवटी त्यानं तिला बसायला पाट दिला.

भाऊबीजेला तू आलीस. आईनं घडी तुझ्या मांडीवर ठेवली. तू ती उलटीपालटी करून बघितलीस.

"ह्यो कशाला गं?"

"आता कशाला म्हंती! तूच मागितला की. हुसेनभाईकडनं."

तू घडीकडं बघितलंस, मग आईकडं, मग वर धाब्याकडं. आणि जी हसत सुटलीस. "आगं आये, मी डोकं टेकायला खण मागितला, तर तू अंगात घालायला आनलास व्हय!"

मग सगळंच घर हसलं. नाना हसून हसून खोकू लागला. हुसेनभाईला मुद्दाम बोलावून आणून पुन्हा हसलो. तो कान धरून म्हणाला, "या अल्ला! मी बांगडीवाला माणूस, मला खांब कुटनं कळणार!" ही गोष्ट मी पुढं इतक्या ठिकाणी सांगितली की परक्या गावच्या लग्नातसुद्धा लोक मला "खणवाले मास्तर" म्हणून ओळखायचे. तूच तर आग्रह करायचीस. "इठ्या, ती खणाची सांग की." आणि गोष्ट संपली, हसणं ओसरलं, की तू नानाकडं बघून हळूच विचारायचीस, "बरं, मग खरा खण कवा?"

नाना म्हणायचा, "फुडल्या साली."

खोटं नव्हता बोलत तो. पुढच्या साली पाऊस गेला. तुझ्या पैशाची ज्वारी विकत घेतली, म्हणून आपण गावात राहिलो. ज्यांचं गिरणीत कुणी नव्हतं त्यांच्या दाराला त्या साली गाव सोडताना काटेरी फांद्या लावलेल्या मी बघितल्यात. त्याच्या पुढच्या साली धाकट्या बहिणीचं, सोनूचं लग्न. सोयरीक जुळवताना पाहुण्यांनी सरळ तोंडावर सांगितलं, "तुमचं गिरणीचं घर हाय, तुमाला काय जड?" ज्या घरी तुझा पैसा येत होता त्या घराला त्यामुळेच जास्त मोजावं लागलं. मग बैल. मग माझं शिक्षण. दर वेळी तू "हं" म्हणालीस.

मधे एकदा मात्र मी मनावर घेतलं आणि रामा सुताराकडे गेलो. आपले सगळे खांब त्याच्या बापानं उभे केलेले, सुगीच्या धान्यावर. रामा रंधा मारता मारता म्हणाला, "मास्तर, बलुत्यावर आता फकस्त औताचं काम. खणाचं रोख."

"असं कसं, रामा? पिढ्यांचा रिवाज आहे."

"रिवाज व्हता तवा गावात खण कोन टाकत व्हतं? आता ज्याचं पोरगं गिरणीत त्यो खण टाकतूया. लाकूड मिळंना झालंय. बाभळीला सागाचा भाव आलाय. आन तुमी मनीआर्डरवालं, तुमीच घासाघीस केली तर बाकीच्यांनी काय करावं?"

मी घरी येऊन तुला हे मोठ्या ऐटीत समजावून सांगितलं. नुकताच मास्तर झालो होतो, मला सगळंच समजावून सांगायची खाज होती. म्हणालो, "बाहेरचा पैसा गावात येतोय, आक्का. सुताराला काम मिळतंय, गवंड्याला मिळतंय, मजुराला रोख मिळतंय. असंच गाव वर येतं."

तू म्हणालीस, "गाव वर येतंय ते दिसतंय. माजा खणबी त्याच्यासंगं वरवरच चाललाय. हाताला गावंना."

"हा तात्पुरता प्रकार आहे."

"आरं पर लाकडाचा भाव वाडीवला कुनी? आमीच की. समदी पैसं धाडत्यात आन समद्यांस्नी योकच खण पायजे."

"मग काय, पैसे पाठवू नयेत लोकांनी?"

"आसं कुटं म्हनले मी?"

"मग म्हणणं काय तुझं?"

"माजं काय म्हननं न्हाई. मला खण पायजे."

हा वाद आपण वर्षानुवर्षं घातला. तू यायचीस, मी दुष्काळातल्या ज्वारीचं उदाहरण द्यायचो, तू रामा सुताराचं द्यायचीस. मी म्हणायचो, तू नसतीस तर मी आज कुणाच्या तरी बांधावर गुरं राखत असतो. तू म्हणायचीस, गुरं सुटली बिचारी. अजूनही मला वाटतं, माझं चूक नव्हतं. तुझंही नव्हतं. निकाल लागायचा राहिला, आणि आता एकट्यानं घालायला हा वाद फार मोठा आहे. तुझ्या बाजूचं बोलायला मला जमत नाही. नक्कल जमते फक्त.

मग ते मंदीचं आलं. इतकी वर्षं चढलेलं सगळं घसरलं. ज्वारी पडली, लाकूड पडलं, रामा सुतार आपण होऊन दारात आला. "मास्तर, आता टाकायचा का खण? द्याल ते द्या." पण तेव्हा तुमच्या गिरणीतल्या पाळ्या कमी झाल्या होत्या आणि पोस्टमन आपल्या गल्लीत न वळता सरळ जायचा. स्वस्त झालं तेव्हा पैसा नव्हता, पैसा होता तेव्हा महाग. यावर मी तुला काहीतरी शहाणपणाचं सांगायला हवं होतं.

त्या साली तू इकडे येऊन राहिलीस, आठवतं? सुताची धूळ छातीत बसून दम लागत होता तुला. आईला आनंद. पोरांना आनंद. तू ओसरीत वळकटी टाकलीस. पहिले दिवस सणासारखे गेले. मग हळूहळू तूच चहाला नको म्हणू लागलीस. वहिनी काही बोलली नव्हती, हे मी शपथेवर सांगतो; ती उलट तुझं अंग चेपायची. पण तू भाकरी मोडताना अर्धी परत टोपल्यात ठेवायचीस. इतकी वर्षं ज्या घराला खाऊ घातलंस त्या घरात तू पाहुण्यासारखी जेवू लागलीस. पाळ्या पुन्हा सुरू झाल्याचं हुसेनभाईनं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी तू वळकटी बांधलीस.

टेसनावर मी सोडायला आलो होतो. गाडीला वेळ होता. मी म्हणालो, "आक्का, बास झालं आता. दम लागतो तुला. राहा की इथंच."

तू म्हणालीस, "कुटं?"

मला वाटलं, थट्टा करतेस. मी हसलो. तूही हसलीस, म्हणून मग मला खात्रीच पटली. गाडी आली, तू खिडकीतून म्हणालीस, "आईला चा कमी प्यायला सांग." या माणसानं आयुष्यभर गावाला गोष्टी सांगितल्या, आणि त्याला एका शब्दाचा प्रश्न कळला नाही.

तू गेल्याचं कळलं तेव्हा नाना तापानं पडला होता, म्हणून मी एकटाच सोलापूरला आलो. तोवर तुझ्या बिऱ्हाडाच्या लोकांनी सगळं नीट केलं होतं. तुझी घरमालकीण नरसव्वा, जिच्या हातमागाच्या खटखटीशिवाय मला झोप येत नाही असं तू म्हणायचीस, ती दारातच उभी होती. माग बंद होता. मी नाव सांगायच्या आधीच ती म्हणाली, "तुमी इट्टल मास्तर. वळकले मी. अक्का सांगायची, नाक लांब आन तोंड बंद न्हाई."

मी रडत होतो आणि त्यातच मला हसू आलं. ती तेलुगू बाई, तीही तुला अक्काच म्हणायची. तिनं मला पाणी दिलं, बसवलं, आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: "अक्काचा खण कसा हाय? पाऊस गळते काय?"

मी म्हणालो, "कुठला खण?"

"तिचा हो. तुमच्या घरात हाय न्हाई का, तो. पूर्वेला दार. भिताडात दोन कोनाडे, एक दिव्याला, एक देवीला. खिडकीतून लिंबाचं झाड दिसते. अक्का म्हनायची, नरसव्वा, हात चालेना झाले की तू पन ये, दोगी राहू. रोज सांगायची. माझ्या पोरींना झोप लागेपरेंत सांगायची."

म्हणजे आक्का, तू बांधलास. लाकडाचा भाव न विचारता, सुताराच्या पाया न पडता, तू तिकडे बसून तो खण बांधलास, सारवलास, त्यात दिवा लावलास, आणि घरमालकिणीला बोलावणंसुद्धा केलंस. गोष्ट सांगणारा म्हणून मी गावभर मिरवत होतो. आपल्या घरातली खरी गोष्ट सांगणारी तू होतीस. माझ्या गोष्टीला लोक हसायचे. तुझ्या गोष्टीत एक बाई म्हातारपणी राहायला येणार होती.

नरसव्वा माझ्याकडे बघत होती.

"गळत नाही," मी म्हणालो. तेवढं तरी खरं होतं.

"बरं," ती म्हणाली. "मग मी पुनवेला येते. तिचं लुगडं, तांब्या, देवीचा टाक तुमच्या हातात देनार न्हाई मी. तिच्या खणात मीच ठेवनार. तिला बोलले तसं."

मी म्हणालो, "या."

हे मी घरी सांगितलं नव्हतं. दहावा होईपर्यंत गिळून बसलो. तुझी गोष्ट अर्धी टाकून माणसं गेल्यावर मात्र आईला आणि नानाला सगळं सांगितलं, नरसव्वाच्या आवाजासकट. माझी खोड जात नाही. नाना बराच वेळ जमिनीवर काडीनं रेघा मारत बसला. मग म्हणाला, "खण टाकायचा कशानं? मनीआर्डर थोडीच येनार हाय आता?" आणि थोड्या वेळानं, "आन कुनासाटी?"

आईनं एवढंच विचारलं, "पुनव कवा हाय?"

आज सकाळी मी तोंड धूत होतो तर मधल्या खणातून ओढाओढीचा आवाज. बघतो तर आई. कमरेत वाकलेली आपली आई लोखंडी ट्रंक ओसरीकडे ढकलत होती. त्या खणात कधी कुणी निजलं नव्हतं. तिथं तुझ्या पैशानं घेतलेलं सामान होतं: ती ट्रंक, सोनूच्या लग्नातली पितळी भांडी, पाहुण्यांची म्हणून घेतलेली आणि कुणी न वापरलेली बाज, रिकामी पोती, मोडका कंदील, माझी बोर्डाच्या परीक्षेची पुस्तकं, धान्याची कणगी. मी म्हणालो, "आई, अगं काय करतीस?" ती म्हणाली, "बोलू नगंस. धर तिकडनं."

मी धरलं. भांड्यांच्या आवाजानं नाना बाहेर आला, दारात उभा राहिला. काय चाललंय ते त्याला विचारावं लागलं नाही. तो आत शिरला, कणगीला मिठी मारली आणि एकट्यानं ती चुलीकडच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. बाज परसात गेली. पुस्तकं कुठं ठेवू म्हणालो तर वहिनी म्हणाली, "चुलीत." पण ती म्हणताना तिनं डोळे पुसले आणि पुस्तकं फळीवर रचून ठेवली. दार पूर्वेलाच आहे, आक्का. खिडकीपुढे पोती रचलेली होती म्हणून आम्हाला ती खिडकी आहे हेही विसरायला झालं होतं. लिंब दिसतो. कोनाडा एकच आहे. दुसरा दुपारी खणून काढतो म्हणालाय नाना.

आईनं शेणाची पाटी आणली आणि कुणाला हात लावू दिला नाही. भिंतीपासून दारापर्यंत मागं सरकत सरकत सगळी जमीन सारवली. उंबऱ्याशी आली, सावकाश उठली. चुलीवर अजून पहिली भाकरीसुद्धा पडली नव्हती. शेणाचे हात तसेच धरून तिनं त्या मोकळ्या जागेकडं बघितलं आणि मग आम्हा दोघांकडं.

"एवडंच काम व्हतं व्हय रं?"

जमीन ओली होती. आम्ही दोघं भाऊ तुझ्या खणाच्या बाहेरच उभे राहिलो.